चुन्याच्या घरात जिप्समची भिंत

तंजावरच्या राजवाड्याभोवतीच्या राजवीथींत आणि त्यांना फुटलेल्या गल्ल्यांत जी जुनी मराठी घरे आजही नांदती आहेत, त्यांच्या भिंती चुन्यात रचलेल्या विटांच्या आणि हात-दीड हात जाडीच्या आहेत, आणि खोल्यांची मांडणी पुढे कधी बदलावी लागेल असा विचार त्या उभारणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास स्थापन केलेले राज्य १८५५मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारस न ठेवता वारल्यावर इंग्रजांनी खालसा केले, पण त्या राज्याच्या आश्रयाने आलेली कुटुंबे तेथेच राहिली, घरे भावाभावांत वाटली गेली, आणि आता एका लांबलचक दिवाणखान्याच्या दोन खोल्या करणे किंवा माडीवर अभ्यासासाठी आडोसा काढणे या गरजा घरोघरी निर्माण झाल्या आहेत. अशा वेळी कोत्तनार, म्हणजे तेथील गवंडी, सवयीने अर्ध्या विटेची भिंत सुचवतो. परंतु गिलाव्यासह अशा भिंतीचे वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जाते, आणि माडीची जमीन बहुधा मद्रास टेरेस पद्धतीची, म्हणजे सागवानी वाशांवर पातळ विटा उभ्या लावून वर चुन्याचा कोबा केलेली असल्याने, शंभर वर्षे वाकत आलेल्या वाशांवर हा नवा भार टाकणे शहाणपणाचे नाही. जिप्सम बोर्डाच्या साध्या भिंतीचे वजन याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास राहते, आणि जुन्या घरात तिची शिफारस करण्याचे पहिले कारण हेच आहे.

ड्रायवॉल म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याच्या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड स्क्रूने जखडून केलेली, आतून पोकळ अशी भिंत. तिच्या उभारणीत कालवलेला माल लागत नाही म्हणून ती कोरडी. बोर्डाचा गाभा जिप्समचा आणि दोन्ही पृष्ठे जाड कागदाची असतात. ऑगस्टीन सॅकेट याने १८९४मध्ये अमेरिकेत ज्या बोर्डाचे पेटंट घेतले त्यात कागद आणि प्लास्टर यांचे अनेक थर एकावर एक होते, पुढे ते सुटसुटीत होऊन एक गाभा आणि दोन कागद एवढेच उरले. गाभा ठिसूळ असतो आणि वाकण्याला विरोध करण्याचे बळ मुख्यतः कागदाचे असते, ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर कापणे, स्क्रू मारणे आणि घासणे यांविषयीचे पुढचे बहुतेक नियम आपोआप समजतात. जिप्सम हे कॅल्शियम सल्फेटाचे खनिज असून त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा असतो. आग लागली तर हे पाणी वाफ होऊन निघून जाईपर्यंत भिंतीची पलीकडची बाजू फारशी तापत नाही. तंजावरच्या उत्तरेला अरियलूर आणि पेरंबलूरच्या खडकांतही जिप्समच्या शिरा आहेत. चेन्नईच्या आयआयटीने २०१३मध्ये प्रात्यक्षिक इमारत उभारून ज्यांचा प्रसार केला ती काचतंतूंनी बळकट केलेली पोकळ जिप्सम पॅनेले मात्र वेगळी वस्तू आहे. ती योग्य संकल्पनेनुसार इमारतीचा भार पेलतात, ड्रायवॉल स्वतःखेरीज कशाचाही भार पेलत नाही, आणि दोहोंची गल्लत करून कोणी जुनी भिंत पाडून तिच्या जागी बोर्ड लावू पाहत असेल तर त्याला वेळीच थांबवावे.

ड्रायवॉल कोठे लावू नये हे आधी ठरवावे लागते, कारण तंजावरात या बाबतीतील चुका महाग पडतात. कावेरीच्या खोऱ्यात जमिनीतील ओल जुन्या भिंतींत चढते, आणि चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडत राहतो म्हणूनच त्या भिंती टिकल्या आहेत. पायथ्याशी लोणा धरला आणि पोपडे सुटू लागले की ते झाकण्यासाठी त्या भिंतीवरच बोर्ड चिकटवण्याचा मोह होतो, पण त्यामुळे ओल कोंडते, बोर्डाचा कागद मागून बुरसतो आणि वाळवीला आयते खाद्य मिळते. जिप्सम वाळवी खात नाही, कागद मात्र खाते. जुन्या घरांतील घोटून गुळगुळीत केलेला चुन्याचा गिलावा अनेक ठिकाणी इतक्या उत्तम प्रतीचा आहे की तो बोर्डाखाली गाडणे हा कारागिरीचा अपमानच होय. न्हाणीघर, मोरीलगतची भिंत आणि आकाशाकडे उघडा असलेला मधला चौक यांच्या जवळही जिप्सम नको. बाजारात हिरव्या कागदाचा जो दमटपणा सोसणारा बोर्ड मिळतो तो दमट हवा सोसतो, पाण्याचे शिंतोडे नव्हे, आणि तेथे सिमेंटचा बोर्डच लावावा. गुलाबी कागदाचा बोर्ड आगीला अधिक वेळ दाद देत नाही, पण राहत्या घरात त्याची गरज क्वचितच पडते.

साहित्य घेताना बोर्डावर आयएस २०९५ या मानकाचा उल्लेख पाहावा. भिंतीसाठी साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड घ्यावा, जो कारागिरांच्या भाषेत चार सुती म्हणजे अर्धा इंची होतो. तमिळ सुतार सुताला ‘नूल’ म्हणतात, माप मात्र तेच, इंचाचा आठवा भाग. रुंदी चार फूट आणि लांबी सहा फुटांपासून पुढे मिळते, आणि खोलीच्या उंचीइतका अखंड बोर्ड जिन्यावरून नेता येत असेल तर तोच घ्यावा, कारण जेवढे आडवे सांधे कमी तेवढे पुढचे काम सोपे होते. बोर्डाच्या लांब कडा पुढच्या बाजूने किंचित उतरत्या केलेल्या असतात. दोन बोर्ड शेजारी आले की तेथे जो उथळ पन्हळ तयार होतो त्यातच टेप आणि मसाला बसतो. आखूड कडा मात्र सपाट असतात आणि तेथील सांध्याला असा पन्हळ मिळत नाही. बोर्ड घरात आणल्यावर जमिनीपासून उचलून, लाकडी पट्ट्यांवर आडवे रचून ठेवावेत. भिंतीला टेकवून उभे ठेवलेले बोर्ड दमट हवेत वाकतात आणि मग सांगाड्यावर सरळ बसत नाहीत.

सांगाडा दोन प्रकारच्या पट्ट्यांचा होतो. जमिनीवर आणि छताखाली आडवा बसतो तो चॅनेल, आणि त्यात उभे राहतात ते स्टड. आखणी करताना प्रथम जमिनीवर दोरीने रेषा मारावी, मग ओळंब्याने ती छतावर चढवावी. जुन्या भिंती ओळंब्यात नसतात, त्यामुळे बाजूच्या भिंतीवरून माप धरणाऱ्याची फसगत होते. तंजावरच्या घरांत फरशी रोज पाण्याने धुतली जाते, हे लक्षात घेऊन खालचा चॅनेल थेट फरशीवर न बसवता आधी वीट-सिमेंटची तीन-चार इंच उंचीची पट्टी करून घ्यावी, ती वाळल्यावर त्यावर प्लास्टिकचा जाड ताव अंथरावा आणि मग चॅनेल जखडावा. माडीवर ओलीचा हा धोका कमी असल्याने तेथे ती पट्टी एका विटेच्या जाडीपुरती ठेवली तरी चालते. बाजूच्या जुन्या भिंतीत छिद्रे पाडताना ती विटांमधल्या चुन्याच्या सांध्यात न पडता भरीव विटेत पडतील असे पाहावे आणि नेहमीपेक्षा लांब प्लग वापरावेत, कारण जुना चुना ड्रिलच्या धक्क्याने भुगा होतो आणि प्लग आतच फिरत राहतो.

स्टड मध्यापासून मध्यापर्यंत दोन फुटांवर, म्हणजे ६१० मिलिमीटरवर, उभे करतात, जेणेकरून चार फुटी बोर्डाच्या दोन्ही कडा आणि मध्य यांना आधार मिळेल. स्टडची लांबी वरच्या आणि खालच्या चॅनेलमधील अंतरापेक्षा थोडी कमी ठेवावी आणि वरच्या टोकाला तो स्क्रूने न जखडता नुसता चॅनेलमध्ये राहू द्यावा. लाकडी वाशांचे छत ऋतूनुसार आणि वजनानुसार हलत असते, आणि ही मोकळीक नसेल तर त्याचा दाब बोर्डावर येऊन सांधा फुटतो. दाराच्या दोन्ही बाजूंना स्टडच्या पोटात लाकडी पट्टी घालून तो भरीव करावा, नाहीतर दार आपटले की सगळी भिंत थरथरते. ज्या ठिकाणी देव्हारा किंवा कपाट टांगायचे असेल, किंवा सागवानी चौकटीत काचेमागे बसवलेले भारी तंजावर चित्र लावायचे असेल, तेथे बोर्ड लावण्यापूर्वीच दोन स्टडांच्या मध्ये प्लायवूडचा तुकडा जखडून त्याचे माप भिंतीच्या आराखड्यावर लिहून ठेवावे. भिंत बंद झाल्यावर ही जागा अंदाजाने शोधणे फार त्रासाचे ठरते. विजेच्या नळ्या याच वेळी घालून घ्याव्यात. पोकळीत खनिज लोकर भरली तर शेजारच्या खोलीतील बोलणे बरेच दबते, पण चॅनेलच्या कडेच्या फटी सीलंटने बुजवल्या नाहीत तर ती लोकर वाया जाते, कारण आवाज पाण्यासारखा सर्वांत लहान फटीतूनही वाट काढतो.

बोर्ड कापण्यासाठी करवत क्वचितच लागते. पुढच्या कागदावर सरळ पट्टीच्या आधाराने धारदार सुरी एकदा ठामपणे ओढावी, बोर्ड त्या रेघेवर मागे मोडावा, आणि मागचा कागद पाठीमागून कापावा; कडा खरबरीत राहिली तर कानशीने साफ करावी. बोर्डाची खालची कड जमिनीला टेकू न देता बोटभर वर ठेवावी. स्क्रू एका थरासाठी २५ मिलिमीटरचे आणि दोन थरांसाठी बाहेरच्या थराला ३५ मिलिमीटरचे घ्यावेत. ते बोर्डाच्या मध्यभागी ३०० मिलिमीटरच्या आणि कडांना २०० मिलिमीटरच्या आत अंतर ठेवून मारावेत, आणि कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत, तर कापलेल्या कडेपासून दीड सेंटिमीटर आत ठेवावेत. स्क्रूचे डोके कागदात किंचित खोल जावे पण कागद फाटू नये. कागद फाटला की तो स्क्रू बोर्डाला धरून ठेवत नाही, आणि अशा वेळी त्याच्याच शेजारी दुसरा स्क्रू मारून पहिला काढून टाकावा. एका बाजूचे उभे सांधे दुसऱ्या बाजूच्या सांध्यांसमोर येऊ देऊ नयेत, आणि दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यावर तर सांधा कधीच येऊ देऊ नये. तेथे बोर्डाला खाच पाडून त्याचा आकार चौकटीभोवती वळवावा, कारण तडा नेहमी त्याच कोपऱ्यातून तिरपा वर जातो.

येथवरचे काम दोन-तीन दिवसांत होते, पण भिंत म्हणून ती दिसते ते पुढच्या कामामुळे. ज्या कामगारांना विटेच्या गिलाव्याची सवय आहे त्यांना हे पटवून देणे कठीण जाते की सांधे भरणे हे नंतरचे किरकोळ काम नसून बोर्ड लावण्याइतकेच, किंबहुना अधिक, कौशल्याचे आहे. सांध्यात भरण्याचा जो मसाला येतो त्याला जॉइंट कंपाउंड म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला भुकटीच्या रूपात मिळतो, पाणी घातल्यावर रासायनिक क्रियेने ठरावीक मिनिटांत घट्ट होतो आणि फारसा आकसत नाही, पण घासायला कठीण जातो. दुसरा डब्यात तयार मिळतो, त्यातील पाणी हवेत उडून गेल्यावरच तो सुकतो, सुकताना आकसतो आणि घासायला मऊ असतो. तंजावरात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसात हवा इतकी ओलसर असते की तयार कंपाउंडचा थर दोन-दोन दिवस आतून ओला राहतो, आणि वरून कोरडा दिसतो म्हणून त्यावर दुसरा थर चढवला की महिन्याभराने सांध्यावर केसासारख्या भेगा उमटतात. शक्य असेल तर परिष्करणाचे काम पोंगलनंतर घ्यावे. पावसाळ्यातच करावे लागले तर निदान पहिला थर भुकटीच्या कंपाउंडचा द्यावा आणि वरच्या थरांना पंख्याखाली पुरता वेळ द्यावा.

सांध्यातील टेपचे काम तंजावर चित्रे करणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. त्या चित्रांत लाकडी फळीवर आधी कापड डकवतात आणि मग खडूच्या भुकटीचा डिंक मिसळलेला लेप देऊन तो सुकल्यावर घासून गुळगुळीत करतात, म्हणजे फळीची हालचाल कापड सोसते आणि वरचे सोने-रंग शाबूत राहतात. येथेही दोन बोर्डांची हालचाल टेप सोसते आणि वरचा लेप शाबूत राहतो. कागदी टेप सगळ्यांत भरवशाची. सांध्याच्या पन्हळात आधी कंपाउंडचा पातळ थर भरावा, टेप मधोमध ठेवून चार-सहा इंची पत्तीने वरून खाली दाबत न्यावी, तिच्याखालून जादा माल बाहेर येऊ द्यावा, पण इतकाही नको की टेप कोरड्या कागदाला टेकेल. कोरडी राहिलेली टेप नंतर फुगते आणि तो फुगवटा सुरीने कापून पुन्हा भरावा लागतो. काचतंतूंची चिकट जाळी पटकन लागते म्हणून कामगारांना आवडते, पण ती कागदी टेपपेक्षा जास्त ताणली जाते, म्हणून तिच्यावर पहिला थर घट्ट होणाऱ्या भुकटीच्या कंपाउंडचाच असला पाहिजे.

टेप सुकल्यावर दुसरा थर आठेक इंच रुंद आणि तिसरा बारा इंचांपर्यंत रुंद असा ओढावा, आणि प्रत्येक वेळी पत्तीचा दाब बाहेरच्या कडेवर ठेवावा म्हणजे थर कडेला विरत जातो. आखूड कडांच्या सांध्याला पन्हळ नसल्याने तेथे टेप हमखास वर उठून दिसते. उपाय एवढाच की थर दोन्ही बाजूंना आणखी लांब, सगळे मिळून दीड-दोन फूट रुंद ओढून उंचवटा डोळ्यांना कळणार नाही इतका पसरवावा. आतल्या कोपऱ्यात टेप मधल्या घडीवर दुमडून बसवतात आणि एका दिवशी एकाच बाजूला थर ओढतात. दोन्ही एकदम करू गेले तर पत्तीची कड दुसऱ्या बाजूला रेघ पाडते. बाहेरच्या कोपऱ्यावर धातूची कोपरपट्टी लावावी. स्क्रूच्या डोक्यांवर दोन ते तीन थर द्यावेत. नवीन बोर्ड जुन्या चुन्याच्या भिंतीला जेथे भिडतो तेथे मात्र टेप लावूच नये: दोन्हींची हालचाल वेगळी असते, म्हणून तेथे दोन-तीन मिलिमीटरची सरळ फट ठेवून ती रंगवता येणाऱ्या लवचिक सीलंटने भरावी. जुनी भिंत वाकडी असेल तर बोर्डाची कड तिच्या वळणानुसार आखून कापावी. रुंद फट कंपाउंडने बुजवणे हा तात्पुरता इलाज असून पहिल्याच उन्हाळ्यात तो उघडा पडतो.

घासण्यासाठी १२० ते १५० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो, आणि तो लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच वापरावा. कंपाउंड घासायचे, कागद नव्हे. कागद घासला गेला की त्याचे तंतू उभे राहतात आणि रंगाखाली खरबरीत पट्टा दिसतो. धूळ फार बारीक असते आणि फुप्फुसांना वाईट, त्यामुळे नाकाला नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा आणि दाराला ओला पडदा टांगावा. काम संपले असे वाटल्यावर खोली अंधारी करून विजेरी भिंतीला समांतर धरावी, म्हणजे दिवसा न दिसलेला प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. परिष्करणाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या अमेरिकी व्यवसायात ठरलेल्या आहेत: पहिल्या पायरीला नुसती टेप, चौथीला टेपवर दोन आणि स्क्रूवर तीन थर, आणि पाचवीला संपूर्ण भिंतीवर कंपाउंडचा एक अतिपातळ हात. साध्या मॅट रंगाला चौथी पायरी पुरते, पण अंगणाच्या बाजूने तिरपा उजेड येणाऱ्या खोलीत किंवा चकचकीत रंगाखाली पाचवीच हवी. रंगाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगावी, की बोर्डाच्या कागदावर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावायची नाही. आधी प्रायमर, मग हवी असल्यास अॅक्रिलिक पुट्टी, असाच क्रम ठेवावा.

छताखाली बोर्ड लावायचा असेल तर आधी वरचा कोबा गळतो का ते पाहून दुरुस्त करावा आणि वाशांना वाळवी लागली आहे का हे टोचून पाहावे, कारण एकदा छत बंद झाले की गळती तेथे वर्षभर लपून राहू शकते. मधल्या चॅनेलांतील अंतर १२२० मिलिमीटर आणि त्यांना आडव्या लागणाऱ्या छतपट्ट्यांतील अंतर ४५७ मिलिमीटर ठेवतात, आणि लोंबणाऱ्या पट्ट्या विटांत नव्हे तर सागवानी वाशांत स्क्रूने जखडतात. झोपाळ्याची कडी जर त्या खोलीत असेल, आणि तंजावरच्या घरांत ती बहुधा असतेच, तर ती मूळ तुळईलाच राहू द्यावी आणि बोर्डाला तिच्याभोवती मोकळे छिद्र ठेवावे. पंख्याच्या हुकालाही हाच नियम. एका कोपऱ्यात वर डोके घालता येईल एवढे दार ठेवावे.

भिजलेल्या बोर्डाविषयी दयामाया नसावी. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गाजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ जमिनीवर आले आणि तंजावर जिल्ह्याच्या पट्टुक्कोट्टै भागाचे अतोनात नुकसान झाले, तशा प्रसंगी छपरातून किंवा दारातून घरात शिरलेले पाणी बोर्डात वर चढते. फुगलेला, दाबल्यावर मऊ लागणारा भाग ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत कापून काढावा, आतील लोकर बाहेर काढावी आणि सांगाडा काही दिवस उघडाच ठेवावा. कापलेल्या कडेमागे आधार म्हणून पट्टीचा तुकडा जखडून त्यावर नवा बोर्ड लावावा आणि सांधा वर सांगितल्याप्रमाणे टेपने भरावा. अशा दुरुस्तीसाठी एक-दोन जादा बोर्ड माडीवर आडवे ठेवून द्यावेत. भुकटीची उरलेली पिशवी मात्र ठेवू नये, कारण दमट हवेत ती काही महिन्यांत गाठी धरते, आणि जुन्या भुकटीने भरलेला सांधा कधी फार लवकर घट्ट होतो, कधी होतच नाही.